थंडीपूर्व कृषी सल्ला: जुन्या पिकअपचा हीटर मंदावला असल्यास काय तपासावे

थंडीचे दिवस जवळ येऊ लागले की पेरणीची अवजारे, पंप आणि ट्रॅक्टर यांच्या देखभालीकडे आपले लक्ष जाते, मात्र माल घेऊन पहाटे निघणाऱ्या जुन्या पिकअपच्या हीटरची आठवण पहिल्या कडाक्याच्या सकाळीच होते. हीटर ही केवळ चैन नव्हे. समोरच्या काचेवर आतून धरलेली वाफ त्याच्याच गरम हवेने निघते, आणि ती निघाली नाही तर भरलेली गाडी अंधारात जवळजवळ अंदाजाने हाकावी लागते. म्हणून शेतकरी बांधवांनी ही तपासणी थंडी पडण्यापूर्वीच, एखाद्या मोकळ्या दुपारी करून घ्यावी.

हीटरला स्वतःची आग नसते. इंजिनातून तापून आलेले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रावण, दोन रबरी पाइपांमधून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोरमध्ये फिरते आणि ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, त्याच्यावरून हवा ढकलतो. त्यामुळे दोष तीनच ठिकाणी असू शकतो: कूलंट पुरेसे तापत नाही, तापलेले कूलंट कोरपर्यंत पोहोचत नाही किंवा कोर गरम असूनही हवा त्यावरून जात नाही. हे न ओळखता थेट डॅशबोर्ड उघडायला लावणे म्हणजे दिवसभराची मजुरी वाया घालवणे होय. एवढी खटपट करून बदललेला कोर चांगलाच होता असे मागाहून कळते, तेव्हा फार हळहळ वाटते.

सर्वप्रथम, इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरमधील कूलंटची पातळी पाहावी. केवळ बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीवर विसंबू नये, कारण रेडिएटरच्या झाकणाचे रबर चिरले असेल तर टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा असतो. गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नये. आतील दाबाखालचे कूलंट उसळून चेहरा आणि हात गंभीर भाजतात. हीटर कोर बहुधा उंचावर असल्याने पातळी थोडी खाली गेली तरी सर्वांत आधी तोच कोरडा पडतो, आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा नेहमीच्याच जागी असताना केबिन मात्र गार राहते. कमी झालेले कूलंट गेले कुठे, याचा शोधही घ्यावा, केवळ भर घालून थांबू नये.

यानंतरची परीक्षा हातानेच होते. गाडी 15 ते 20 मिनिटे चालवून आणावी, हीटरची कळ सर्वाधिक गरमवर ठेवावी, इंजिन बंद करावे आणि इंजिन व केबिन यांच्यामधील पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन्ही पाइपांना जाड हातमोजा घालून जपून स्पर्श करावा. दोन्ही पाइप चांगले गरम असतील तर कूलंट आपले काम करत आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. एक गरम आणि दुसरा बराच गार असेल तर वाटेत अडथळा आहे. दोन्ही कोमट असतील तर इंजिनच पुरेसे तापत नाही किंवा कूलंट तिथवर येतच नाही.

दोन्ही पाइप कोमट आणि तापमानाचा काटाही खालीच, अशी स्थिती असल्यास बहुतेक वेळा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकलेला असतो. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा उपाय अनेक जण करतात. तो चुकीचा आहे. असे इंजिन कायम थंड चालते, जास्त इंधन पिते, लवकर झिजते आणि थंडीत हीटर देत नाही. थर्मोस्टॅटची परीक्षा घरीही करता येते. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन तो तळाला टेकणार नाही असा तारेने लटकवावा, शेजारी तापमापक धरावा आणि पाणी तापवत न्यावे. त्याच्यावर कोरलेल्या अंशाच्या आसपास, बहुधा 82 ते 90 अंश सेल्सिअसच्या दरम्यान, मधली चकती हळूच सरकू लागते आणि आणखी सुमारे 10 ते 15 अंशांनंतर पूर्ण उघडते. थंड असतानाच फट दिसत असेल तर तो बदलावा. ते पातेले पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

एक पाइप गरम आणि दुसरा गार असेल तर आधी पाइपावरील हीटरची झडप पाहावी. कळ फिरवल्यावर तिची दांडी पूर्ण फिरते की गंजलेल्या केबलमुळे अर्ध्यावरच थांबते, हे साध्या डोळ्यांनी दिसते. झडप ठीक असेल तर कोर तुंबला आहे. वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी भरल्याने क्षार आणि गंज कोरच्या बारीक नळ्यांमध्ये बसतो. गळती थांबवणारी पूडही तिथेच साचते. इंजिन थंड असताना दोन्ही पाइप सोडवून, पाणी ज्या वाटेने बाहेर पडते त्या वाटेने मंद धारेने उलटे पाणी सोडावे. सुरुवातीला तांबडा गाळ येतो. पाणी नितळ होईपर्यंत धुवावे. नळाचा पूर्ण जोर लावू नये, जुन्या कोरचे सांधे त्याने सुटतात.

दोन्ही पाइप गरम असूनही हवा मंद येत असेल, तर शेतावरच्या गाडीत पहिला संशय कचऱ्यावर घ्यावा. काचेखालच्या जाळीतून पाने आणि भुसकट आत जाते, आणि खळ्याशेजारी उभ्या गाडीत उंदीर घर करतात. ब्लोअर खाली उतरवला की पंख्याच्या पात्यांत गवताच्या काड्या, सुतळीचे कुरतडलेले धागे आणि सीटमधला कापूस यांचा गच्च बसलेला गोळा हाती येतो. तो कोरडा झाडू नये. तोंडाला मास्क बांधून, जंतुनाशकाने ओला करून काढावा. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या वेगावर चालत असेल तर त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळालेला असतो. हवा जोरात पण गार येत असेल तर गरम-गार हवेची आतली झडप केबलवरून निसटलेली असण्याची शक्यता अधिक आहे.

कूलंट भरताना मूळ द्रावण आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. कूलंटमधील मुख्य रसायन असलेल्या इथिलीन ग्लायकॉलचे असे मिश्रण सुमारे उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, तर निव्वळ ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठते. म्हणून जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगले, हा समज सोडावा. ग्लायकॉलची चव गोड असते आणि ते जीवघेणे विष आहे. सांडलेले कूलंट कुत्रा किंवा वासरू चाटण्यापूर्वी माती टाकून टिपून घ्यावे आणि ती माती गोठ्यापासून व विहिरीपासून दूर, झाकणबंद डब्यात ठेवावी.

केबिनमध्ये गोडसर वास, काचेवर तेलकट वाफ आणि पायाखालची चटई ओली असल्यास कोर गळतो आहे. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे आणि मागून पांढरा धूर येत असल्यास हेड गॅस्केट (इंजिनाचे डोके आणि ठोकळा यांमधील सील) तपासण्यासाठी गाडी मेकॅनिककडेच न्यावी. गाडी तापवून पाहण्याचे काम बंद शेडमध्ये करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कूलंट भरल्यानंतर आत अडकलेली हवा काढण्यासाठी गाडीचे तोंड चढावर ठेवावे, इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून आणि हीटर गरमवर ठेवून इंजिन सुरू करावे, पातळी खाली बसेल तशी भर घालावी आणि इंजिन तापण्यापूर्वी झाकण लावावे. पुढील 2 ते 3 दिवस सकाळी गाडी काढण्यापूर्वी पातळी पुन्हा पाहावी, कारण उरलेली हवा हळूहळू निघते आणि तेवढीच जागा भरून काढावी लागते.