प्रोजेक्ट चालतो, मुलाखतीत मात्र अडतो? या चुका टाळा

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यातल्या पोरांचा रिझ्युमे उघडला की कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट आणि कुठल्यातरी व्हिडिओ अ‍ॅपची नक्कल हमखास दिसते. शिकायला ठीक आहे. पण यूट्यूब पाहून उतरवलेला कोड "हाच डेटाबेस का घेतला?" एवढ्याशा प्रश्नावर उघडा पडतो.

त्यापेक्षा घरचाच विषय घ्या. एगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे भाव असतात. आपल्या जिल्ह्यातल्या तूर-सोयाबीनचा भाव दाखवणारं साधं पान करा. खरी डोकेफोड तिथे सुरू होते. रविवारी बाजार बंद, आवक नाही, म्हणून भावाचा रकाना रिकामा. त्याला 0 धरलं की आलेख धाडकन खाली येतो आणि सरासरीही बिघडते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीत मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर टेबल आणि कनेक्शन, दोन्हींचं कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ8एमबी4 करा. आधीच प्रश्नचिन्हं होऊन साठलेली नावं मात्र परत येत नाहीत, ती नव्याने भरावी लागतात. जावास्क्रिप्टमध्ये 'विदर्भ' या शब्दाची लांबी 3 नाही, 6 येते. का, हे सांगता आलं तर मुलाखत घेणारा खुर्चीत सावरून बसतो.

गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, एपीआय की (दुसऱ्या सेवेची गुप्त चावी) चुकून गेली? ती ओळ खोडून भागत नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधी साठवलेल्या आवृत्तीत, ती तशीच राहते. आधी की रद्द करून नवी घ्या, मग बाकीचं. उतरवून घेतलेल्या लायब्रऱ्यांचं नोड मॉड्यूल्स हे फोल्डरही चढवू नका. ते गिटइग्नोर या वगळायच्या यादीच्या फाइलमध्ये टाका.

रिझ्युमेत लोकलहोस्टची लिंक देणारे अजूनही भेटतात! ती फक्त तुमच्याच लॅपटॉपवर उघडते. फुकटचं होस्टिंगही बेभरवशाचं: रेंडर या होस्टिंग कंपनीची मोफत सेवा 15 मिनिटं कुणी फिरकलं नाही की झोपी जाते, मग पहिल्यांदा उघडताना मिनिटभर लागू शकतो. मुलाखतीच्या जरा आधी स्वतः उघडून ठेवा. ऐन वेळी लाईन गेली तर? लॅपटॉप चार्ज, हॉटस्पॉटला दुसऱ्या कंपनीचं सिम, आणि प्रोजेक्ट चालतानाचा छोटा व्हिडिओ फोनमध्ये.

"सर, माझी इंग्लिश वीक आहे" अशी सुरुवात करू नका. विचारलं नसताना कशाला सांगायचं? ग्रुप प्रोजेक्ट असेल तर "आम्ही केलं" म्हणून थांबू नका, त्यातलं तुमचं काम कोणतं ते सांगा.

राहिले छंद. 'वाचन, संगीत, क्रिकेट' हे न लिहिलेलं बरं. वडसा-गडचिरोलीकडचे असाल आणि झाडीपट्टीच्या नाटकात लाईट सांभाळत असाल, तर तेच लिहा. त्यावर दहा मिनिटं सहज गप्पा होतात. जे लिहाल त्यावर प्रश्न येणारच. कबड्डी लिहिली असेल तर बोनस गुणासाठी समोर निदान 6 बचावपटू लागतात, एवढं तरी यायला हवं.