व्हॉल्व्ह ऑसिलोस्कोपमधील टाइम डिले रिलेचा बिघाड कसा शोधावा

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा, जुना ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे यंत्र) चालू केला, पंखा फिरू लागला, व्हॉल्व्हचे हीटर लालसर झाले, पण दोन मिनिटे थांबूनही आतून रिलेचा ‘टक’ आवाज आला नाही आणि पडद्यावर रेषा उमटली नाही, तर संशय प्रथम टाइम डिले रिलेवर, म्हणजे ठरावीक वेळ थांबून जोडणी करणाऱ्या स्विचवर जातो. टेक्ट्रॉनिक्स ५४५ सारख्या यंत्रात व्हॉल्व्ह तापेपर्यंत डीसी पुरवठा रोखून धरण्याचे काम हा रिले करतो. दिसायला तो छोट्या व्हॉल्व्हसारखाच असतो. उजेडासमोर धरल्यास आत हीटरजवळची द्विधातूची पट्टी दिसते. पट्टी तापून वाकली की कॉन्टॅक्ट जुळतात आणि डीसी पुरवठा जोडणाऱ्या मुख्य रिलेच्या कॉइलला पुरवठा मिळतो. अँपराइट कंपनीच्या ६एनओ४५टी या क्रमांकात ६.३ व्होल्टचा हीटर, थंड असताना उघडे कॉन्टॅक्ट आणि ४५ सेकंद एवढी माहिती असते.

प्लग काढून, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे झाल्याची मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. मग रिले उपसून त्याच्या पिना व सॉकेट साफ करून पाहावे. सोलापुरात मागांच्या वस्तीजवळ सुताची तूस आणि धूळ प्रत्येक फटीत जाऊन बसते, त्यामुळे निम्मी दुरुस्ती कधी कधी इथेच संपते. मल्टिमीटरवर हीटर ‘ओपन’ (तुटलेला) दाखवत असेल, तर रिले बाद समजावा. हीटर शाबूत असल्यास टेबलावरच त्याला ६.३ व्होल्ट देऊन कॉन्टॅक्टवर मीटर लावावा आणि घड्याळ धरावे. कॉन्टॅक्ट जुळले, पण रोध अस्थिर राहिला, तर ते जळालेले आहेत. काच बंद असल्याने त्यांना कानस लावता येत नाही. थंड असतानाच जुळलेले दिसले, तर ते चिकटले आहेत.

रिले वेळेवर जुळत असेल, तर दोष पुढे आहे: मुख्य रिलेची कॉइल, तिचा पुरवठा किंवा तिथपर्यंतची तार तपासावी.

इथे एक चकवा आहे. मे महिन्यात सायंकाळी वीज मंदावते, आणि हीटरला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते, म्हणून चांगला रिलेही उशीर लावतो. याउलट वीज क्षणभर जाऊन आली, तर तापलेली पट्टी लवकर जुळते. माझ्या हाताशी आलेल्या एका यंत्राचा रिले मी याच कारणाने विनाकारण बदलला होता. म्हणून डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज नेमके करून, रिले पूर्ण थंड होऊ देऊनच वेळ मोजावी.

तोच रिले न मिळाल्यास इलेक्ट्रॉनिक टायमर बसवता येतो, मात्र त्याचे कॉन्टॅक्ट मुख्य रिलेच्या कॉइलचा डीसी प्रवाह तोडण्यास पुरेसे असावेत. कॉन्टॅक्टवर तार टाकून विलंबच काढून टाकण्याची युक्ती मी एका यंत्रात पाहिली आहे. चाचणीपुरतीही ती करू नये. यंत्रातले सुटे भाग ज्यांवर जोडलेले असतात त्या सिरॅमिक पट्ट्यांवर डाग देताना चांदीमिश्रित सोल्डरच वापरावा, कारण साध्या सोल्डरने तिथली चांदीची पकड सुटते.