पिन सगळ्या बसल्या तरी डेडबोल्ट हलेना? पिकिंग शिकताना या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या मागच्या दाराला एक डेडबोल्ट आहे, म्हणजे किल्ली फिरवली की जाड दांडा (बोल्ट) चौकटीत सरकवणारं कुलूप. किल्लीशिवाय, हत्यारांनी कुलूप उघडणं म्हणजे पिकिंग, ते शिकायला मी त्याच्यावर एका डिसेंबरात सलग तीन रविवार घालवले. डाव्या हातात टेन्शन रेंच (कुलूप फिरवायला जोर देणारी वाकडी पट्टी), उजव्या हातात पिक (पिना ढकलायची बारीक सळई), तोंडातून जीभ बाहेर, आणि कुलूप ढिम्म. पाचही पिन, म्हणजे किल्लीच्या खाचांनी वर उचलल्या जाणाऱ्या आतल्या बारीक खिट्ट्या, जागेवर बसल्याचं बोटांना कळत होतं, प्लग, म्हणजे किल्लीबरोबर फिरणारा गोल भाग, थोडासा फिरायचा आणि तिथेच थांबायचा, मग मी वैतागून हात सोडायचो की सगळ्या पिना टिकटिक करत परत खाली आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर. चौथ्या रविवारी बाहेर बर्फ होता म्हणून दार उघडून आत जिन्याच्या पायरीवर बसलो, आतून गुंडी (आतल्या बाजूने कुलूप लावायची मूठ) फिरवून बोल्ट बाहेर काढला आणि तसाच उघड्या दारावर प्रयत्न केला, तर पाच मिनिटांत बोल्ट खटकन आत.

म्हणजे तीन रविवार मी कुलूप उघडत होतो आणि उघडलंय हे न कळल्यामुळे परत लावत होतो. अडत होता तो बोल्ट, चौकटीतल्या भोकात. थंडी आत येते म्हणून नोव्हेंबरात मीच दाराच्या कडेला फोमची पट्टी चिकटवली होती, ती दाराला चौकटीपासून दूर ढकलत होती आणि बोल्ट भोकाभोवतीच्या पत्र्याला घासून बसत होता. आता बोला.

तर नवीन लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच, कुलूप कडक आहे म्हटलं की लगेच पिनांवर संशय घ्यायचा. डेडबोल्टला स्प्रिंग नसते, नाइट लॅचसारखा तो स्वतःहून सरकत नाही, त्याला आत ओढायचं काम किल्लीनेच करायचं असतं. किल्ली हातात असते तेव्हा आपण नकळत जोर लावतो, दार खांद्याने जरा ओढून घेतो, त्यामुळे बोल्ट घासतोय हे वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही. पिकिंग करताना तो सगळा जोर एका पातळ पट्टीतून जाणार असतो, तिथे मग सगळं उघडं पडतं.

आधी दार उघडा, मग निदान करा

दार सताड उघडं ठेवून आतली गुंडी फिरवा. लोण्यासारखी फिरली आणि दार लावल्यावर जड झाली, तर दुखणं चौकटीत आहे, कुलपाला हात लावू नका. दार उघडं असतानाही गुंडी जड असेल तर बोल्टची यंत्रणा किंवा बसवणं चुकलंय. आणि गुंडी हलकी पण किल्ली जड, तेव्हाच सिलेंडरकडे, म्हणजे किल्ली जाते त्या पिनांच्या भागाकडे, वळायचं. त्यातही किल्ली आत घालायला जड आहे की फिरवायला जड आहे हे वेगवेगळं बघा. घालायला जड म्हणजे बहुतेक आत घाण किंवा वाळलेलं तेल, फिरवायला जड म्हणजे कित्येकदा किल्लीच चुकीची कापलेली. आपल्याकडे किल्लीवरून किल्ली, त्या किल्लीवरून तिसरी अशा पिढ्या चालतात, प्रत्येक पिढीत खाचा थोड्या सरकतात. मूळ किल्ली सापडली तर तिने फिरवून बघा, कुलूप एकदम शहाण्यासारखं वागायला लागतं.

चौकटीचं दुखणं शोधायची जुनी युक्ती म्हणजे बोल्टच्या टोकाला लिपस्टिक किंवा मार्कर लावायचा, दार बंद करून बोल्ट दोनदा आतबाहेर करायचा आणि चौकटीवरच्या पत्र्यावर, म्हणजे स्ट्राइक प्लेटवर, रंग कुठे लागलाय ते बघायचं. वरच्या काठाला लागला तर बोल्ट पत्र्याला वरून घासतोय, खालच्या काठाला लागला तर दार खाली बसलंय. खाली बसलेल्या दाराला सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे वरच्या बिजागरीचा एक स्क्रू काढून तिथे तीन इंची स्क्रू घालायचा, तो चौकटीच्या मागच्या खांबात जाऊन धरतो आणि दार वर ओढलं जातं. रंग भोकाच्या तळाला लागला असेल तर भोक उथळ आहे. अमेरिकन डेडबोल्ट पूर्ण बाहेर आला की एक इंच येतो, भोकही तेवढं खोल पाहिजे, नाहीतर बोल्ट पूर्ण बाहेर येत नाही आणि किल्ली अर्ध्यात अडून बसते. उन्हाळ्यात लाकडी दार दमटपणाने फुगतं हा वेगळाच तमाशा, जानेवारीत मस्त चालणारं कुलूप जुलैत चावायला लागतं. कोकणात पावसाळ्यात दारं कशी फुगतात आणि लाथ मारल्याशिवाय लागत नाहीत ते ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको.

गुंडी जड असेल तर बघायचे ते आतल्या बाजूचे दोन लांब स्क्रू. हे दारातून आरपार जाऊन बाहेरचा आणि आतला भाग एकमेकांकडे ओढतात, आणि हौशी माणूस ड्रिलने ते असे आवळतो की मधला बोल्ट चिमटीत सापडतो. अर्धा फेरा ढिले करा आणि परत फिरवून बघा, बस. तेवढ्याने नाही गेलं तर सिलेंडरच्या मागची चपटी पट्टी, तिला टेलपीस म्हणतात, ती बोल्टच्या खाचेत तिरकी बसली आहे का बघा.

हात जड, मन हलकं

आता पिकिंगकडे. कुलूप कडक वाटलं की माणूस टेन्शन वाढवतो, ही साहजिक पण उलटी गोष्ट आहे. टेन्शन वाढवलं की सगळ्याच पिना प्लगच्या कडेला दाबल्या जातात, वर ढकलायला गेलात तर दगड, मग त्यांना जोरात ढकलता, त्या शिअर लाइनच्या, म्हणजे प्लग आणि त्याच्या बाहेरच्या कवचामधल्या फटीच्या, वर जाऊन अडकतात, आणि मग तुम्ही म्हणता कुलूप खराब आहे. रेंचवर इतकाच जोर ठेवा की एक पिन अडल्यासारखी वाटेल आणि बाकीच्या स्प्रिंगवर नाचत राहतील. रेंच धरलेल्या बोटाचं नख पांढरं पडलं की समजा जास्त झालं.

पण कडक डेडबोल्टमध्ये गंमत अशी की जोराचे दोन टप्पे असतात आणि हे कुणी नीट सांगत नाही. पिना बसवेपर्यंत हात फुलासारखा, आणि सगळ्या बसल्या, प्लग सुटला, की मग बोल्ट ओढायला खरा जोर. मी पहिल्या टप्प्याचा हलका हात दुसऱ्या टप्प्यातही ठेवला म्हणून तीन रविवार गेले. शिवाय माझी रेंच किल्लीच्या भोकाच्या खालच्या टोकाला लावायची पातळ वाकडी पट्टी होती, ती स्प्रिंगसारखी वाकायची आणि जोर तिच्यातच मुरायचा. भोकाच्या वरच्या टोकाला घट्ट बसणारी जाड, सपाट रेंच घेतली की हाताला खरं काय चाललंय ते कळतं आणि बोल्ट ओढायला दमही असतो. त्या पहिल्या पट्टीचा आता मी कॉफीचे पॅकेट फोडायला उपयोग करतो.

मग प्लग थोडा फिरून थांबला तर तो खरा सुटलाय की फसवतोय हे ओळखायचं कसं? स्पूल पिन म्हणजे मध्ये बारीक असलेली, दोऱ्याच्या रिळासारखी पिन. श्लाग कंपनीच्या डेडबोल्टमध्ये ती सर्रास असते. तिचा बारीक भाग शिअर लाइनला अडकला की प्लग थोडा फिरतो आणि वाटतं झालं, याला फॉल्स सेट म्हणतात. टेन्शन तसंच ठेवून एकेक पिन हळूच वर ढकला, एखादीने प्लगला उलटा मागे फिरवला तर ती स्पूल, अजून काम बाकी आहे, तिथे टेन्शन सैल करून तिला वर जाऊ द्यायचं. आणि कुठलीच पिन प्लगला मागे ढकलत नसेल, सगळ्या निवांत असतील, तर कुलूप उघडलंय, तुमच्यासमोर आहे तो फक्त बोल्टचा जडपणा. इथे सोडू नका. दार किंचित आपल्याकडे ओढा किंवा हँडल वर उचला, रेंच घट्ट धरा, आणि फिरवा. फिरवायचं कुठल्या बाजूला हे आधी किल्लीनेच बघून ठेवा, चुकीच्या बाजूला पिना बसवून झाल्यावर कळलं की रडू येतं.

तीन रविवार गेले म्हणून लाज वाटत असेल तर एक सांगतो. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन कुलूपवाल्याने ब्रामा या इंग्लिश कंपनीचं न उघडणारं म्हणून गाजलेलं कुलूप उघडलं, त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. आणि ते कुलूप चौकटीत अडकलेलं पण नव्हतं.

तेलाचे प्रयोग

आईला फोनवर सांगितलं कुलूप कडक आहे तर ती म्हणाली, अरे खोबरेल तेल घाल दोन थेंब, आमचं गोदरेजचं कपाट तसंच चालतं. घातलं. न्यू जर्सीच्या डिसेंबरात. खोबरेल तेल साधारण २४ अंशाच्या खाली गोठतं, बाहेरचं दार शून्याच्या आसपास, म्हणजे मी कुलपात मेणबत्ती ओतली होती. स्वयंपाकघरातलं कुठलंच तेल कुलपात घालू नका, गोठलं नाही तरी वर्षभरात चिकट होतं.

डब्ल्यूडी-४० बद्दल लोक भांडतात. ते मुळात पाणी हटवायला बनवलेलं आहे, नावातला डब्ल्यूडी त्याचाच. जुनी घाण सोडवायला ठीक, पण वंगण म्हणून त्याच्यावर अवलंबून राहू नका, मागे जो पातळ थर राहतो त्याला धूळ धरते. ग्राफाइटची पावडर चांगली, पण आधी तेल घातलेल्या कुलपात ग्राफाइट घातलं की काळी लापशी होते आणि पिना त्यात रुतून बसतात, हे पण मी केलेलं आहे. आता मी आधी साफ करणारा स्प्रे मारतो, किल्ली दहावेळा आतबाहेर करून पुसतो आणि सुकल्यावर टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे, तोही एक फुसका. बोल्टलाही थोडा मारावा, सगळे सिलेंडरमध्येच मारतात.

शिकायचं कुठल्या कुलपावर

रोजच्या वापरातल्या दारावर शिकायचं नाही. हा नियम जगभरातले हौशी पिकर पाळतात, स्वतःच्या मालकीचं नाही ते उघडायचं नाही आणि वापरात आहे तेही उघडायचं नाही, आणि दुसरा भाग मी मोडला तेव्हा कळला. पिकचं टोक मोडून आत राहिलं, किल्ली जाईना, रात्री दहाला कुलूपवाल्याला बोलवावं लागलं. भाड्याच्या घरात असाल तर वर घरमालक पण आहेच.

जुना डेडबोल्ट घ्या आणि लाकडात बसवा. लाकूड दोन बाय चार इंची म्हणून विकतात ते घेऊ नका. ते प्रत्यक्षात साडेतीन इंच रुंद असतं, आणि कडेपासून २ ३/८ किंवा २ ३/४ इंचावर २ १/८ इंचाचं भोक पाडायला गेलात की पलीकडे पापुद्रा उरतो किंवा तोही उरत नाही, माझा चिरला. दोन बाय सहाचा तुकडा घ्या. नुसता सिलेंडर व्हाइसमध्ये धरणार असाल तर मध्ये कापड घाला आणि आवळू नका, पितळ मऊ असतं. आणि हे काम बोल्ट जोडूनही करा, नुसत्या सिलेंडरवर शिकलेल्या माणसाला तो दुसऱ्या टप्प्याचा जोर कधीच समजत नाही.

दुकानातून नवीन घेताना एक बघा, क्विकसेट कंपनीच्या काही कुलपांत किल्लीच्या भोकाशेजारी एक बारीक चौकोनी खाच असते. ते स्मार्टकी, आतली रचना निराळी, पिन मोजत बसाल तर आयुष्य जाईल. साधं पाच पिनांचं घ्या. माहिती असेल तर त्यातल्या तीन पिना काढून दोनवर सुरुवात करा, फक्त प्लग बाहेर काढताना मागून त्याच जाडीची दांडी सरकवत काढा, नाहीतर स्प्रिंगा सोफ्याखाली. भारतात असाल तर डेडबोल्ट शोधत बसण्यापेक्षा मुख्य दाराच्या लॅचचा सुटा पिनवाला सिलेंडर घ्या, अलीगढच्या लिव्हरवाल्या (पिनांऐवजी आत सपाट पट्ट्या असलेल्या) कुलपांना यातलं काहीच लागू होत नाही.

हत्यारं खिशात घेऊन हिंडू नका. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, व्हर्जिनिया आणि नेवाडात तर पिक नुसते जवळ सापडणं हाच हेतूचा पुरावा धरला जाऊ शकतो. आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ खाली रात्री घरफोडीचं साहित्य जवळ सापडलं आणि पटेल असं कारण देता आलं नाही तर अडकता. माझा सेट टेबलाच्या खणात असतो, दोन बाय सहाच्या त्या लाकडाशेजारी.

मागच्या दाराची फोमची पट्टी मी काढून पातळ लावली. बोल्ट आता एका बोटाने फिरतो, थंडी मात्र येते.