गिटारचे इफेक्ट्स लावताना या चुका टाळा

घरी रात्री जमवलेला भरदार टोन बँडसोबत वाजवायला उभं राहिलं की कुठे जातो, असं नवे गिटारवादक नेहमी विचारतात. लगेच नवा पेडल (गिटार आणि अँपच्या मध्ये लावायची इफेक्टची डबी) घेऊ नका. टोन गेलेला असतो तो बहुधा मिड, म्हणजे बास आणि ट्रेबलच्या मधली पट्टी, कापल्यामुळे.

हळू आवाजात आपल्या कानाला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात. म्हणून घरी आपण ते दोन्ही चढवतो आणि मिड उतरवतो. एकट्याने वाजवताना छान वाटतं. पण बँडमध्ये खालची जागा बास गिटार आणि किक ड्रमची, वरची सिंबल्सची. गिटारसाठी उरते ती मधली, आणि तीच आपण रिकामी केलेली असते. ट्यूब स्क्रीमरसारखा ओव्हरड्राइव्ह (आवाज थोडा फाडणारा पेडल) बास थोडा कापतो आणि 700 हर्ट्झच्या आसपास उठाव देतो. एकटा ऐकला तर नाकातला वाटतो, पण बँडमध्ये तोच स्पष्ट ऐकू येतो. म्हणून सेटिंग कार्यक्रमाच्या आवाजातच करा. घरी ते शक्य नसेल तर निदान एखादं गाणं लावून त्याच्यासोबत वाजवून बघा. गेनही (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) घरी लावता त्यापेक्षा कमीच ठेवा, सूर वेगवेगळे कळतात.

आवाज गढूळ होत असेल तर पेडल्सचा क्रम तपासा. वाह, कंप्रेसर, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, रिव्हर्ब हा क्रम सुरुवातीला धरा. डिले ओव्हरड्राइव्हच्या आधी आला तर त्याचे प्रतिध्वनीही फाटतात आणि सगळा चिखल होतो. (मुद्दाम तसं हवं असेल तर जरूर करा, मला स्वतःला कधीकधी ते फार आवडतं.) डिस्टॉर्शन अँपचंच वापरत असाल तर डिले अँपच्या इफेक्ट्स लूपमध्ये (डिस्टॉर्शनच्या नंतर पेडल जोडायची अँपवरची जागा) लावा. जर्मेनियम फझ (जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा, आवाज जोरात फाडणारा पेडल) मात्र सगळ्यांच्या आधी, थेट गिटारला. मध्ये बफरवाला (सिग्नल टिकवणारं सर्किट असलेला) ट्यूनर आला तर फझ कर्कश होतो.

डिलेची वेळ अंदाजाने लावू नका. 60,000 ला बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा) भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. 120 च्या लयीला 500. पाऊण मात्रेचा डिले हवा तर 375.

फरशी आणि उघड्या भिंतींच्या मंगल कार्यालयात रिव्हर्ब बंदच ठेवा. तिथे हॉलच पुरेसा घुमतो.

राहिली घरघर. सगळे पेडल काढून गिटार थेट अँपला लावा, मग एकेक जोडत जा. ज्याच्यापाशी आवाज सुरू होईल त्याची केबल आणि अडॅप्टर आधी बदलून बघा. बारीक शिट्टीसारखा आवाज असेल तर बहुधा डिजिटल पेडल आणि बाकीचे एकाच अडॅप्टरवर आहेत. डिजिटलला वेगळा, आयसोलेटेड (बाकीच्यांशी न जोडलेला) सप्लाय द्या. बहुतेक पेडल 9 व्होल्टचे असतात आणि त्यांच्या पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह असतं, पण सगळे नाहीत. पिन खुपसण्याआधी पेडलवरची खूण वाचा, उलट पोलॅरिटीने पेडल जळू शकतो.