ख्रिस्ती विरोधामागचा हेतू कसा ओळखायचा

एखाद्या सिनेमाला, गाण्याला किंवा खेळाला ख्रिस्ती गटांनी विरोध का केला, हे समजून घ्यायचं असेल तर आधी मूळ कागद मिळवा: ठराव, प्रवचन, शपथेचा मजकूर. बातमीत नुसतं ‘चर्च संतापलं’ असतं. कुठलं चर्च, हे तिथेच हरवतं.

आता तीन रंगांची पेन्सिल घ्या. देवाचा अपमान किंवा मूर्तिपूजा, पाहणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम आणि मुलांना वळण लावायचा अधिकार कोणाचा, या तीन मुद्द्यांना वेगवेगळ्या रंगाने अधोरेखित करा. बहुतेकदा तिन्ही सापडतात. कोणत्या रंगाच्या ओळी जास्त भरतात, ते मोजा. इ.स. 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरातला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने रोमन खेळांवर टीका केली. त्यात क्रूरतेचा धिक्कार आहेच, पण सगळा पाया मूर्तिपूजेचा: खेळ देवतांना वाहिलेले, मग बाप्तिस्म्यात सैतानाचा त्याग केलेल्याने तिथे बसायचं कसं?

लिहिलेलं कारण आणि मागची पार्श्वभूमी वेगळ्या रकान्यांत मांडा. 1642 मध्ये इंग्लंडच्या संसदेने नाट्यगृहं बंद केली. प्युरिटन म्हणजे तिथल्या कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांचा नाटकांवरचा राग जुनाच होता. आदेशात मात्र देशावरच्या संकटात, उपवास-प्रार्थनेच्या काळात करमणूक शोभत नाही, असं म्हटलं होतं.

तारीख आणि ठिकाण तर कधीच सोडू नका. बीटल्स हा गायक-वादकांचा गट येशूपेक्षा लोकप्रिय आहे, हे त्यातल्याच जॉन लेननचं विधान मार्च 1966 मध्ये लंडनच्या वृत्तपत्रात छापून आलं, तेव्हा फारसं कोणी बोललं नाही. काही महिन्यांनी तेच एका अमेरिकन किशोरमासिकात आलं आणि दक्षिणेकडच्या राज्यांत रेकॉर्डच्या होळ्या पेटल्या. शब्द तेच, वाचणारे बदलले होते.

शेवटी मागणी तपासा, कारण हेतू तिथे उघडा पडतो. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅथलिक ‘लीजन ऑफ डीसेन्सी’ने चित्रपटांची प्रतवारी केली, लोकांकडून वाईट चित्रपट न पाहण्याची शपथ घेतली; काळजी प्रेक्षकाच्या आत्म्याची होती. 1997 मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पंथाने डिस्ने या मनोरंजन कंपनीवर बहिष्काराची हाक दिली, तेव्हा समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना मिळणाऱ्या सवलती हेही एक कारण होतं. तिथे नुसते सिनेमे पाहत बसलात तर हेतू हाती लागणार नाही.

‘हे सगळे घाबरट’ असा शेरा मारून अभ्यास संपवणं ही नेहमीची चूक. तुमचं टिपण त्याच पंथाच्या माणसाला वाचायला द्या. ‘आमचं म्हणणं हेच आहे’ असं तो म्हणाला, की मगच त्यावर तुमचं मत लिहा.