ई-वे बिल : गाडी गोदामाबाहेर काढण्यापूर्वी

एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल मोटारवाहनाने पाठवायचा असेल, तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल, म्हणजे सरकारी पोर्टलवर काढलेला मालवाहतुकीचा ऑनलाइन दाखला, बंधनकारक आहे. महाराष्ट्रांतर्गत वाहतुकीला हा नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून राज्यापुरती ही मर्यादा १ लाख रुपये करण्यात आली. किंमत धरताना जीएसटीची रक्कम त्यात मिळवावी लागते; ९५ हजारांच्या मालावर १८ टक्के कर असेल, तर तो माल मर्यादेबाहेर जातो.

माल विकला नसला तरी बिल लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या शाखेकडे पाठवलेला, परत केलेला किंवा जॉबवर्कला (म्हणजे प्रक्रियेसाठी बाहेरच्या कारागिराकडे) दिलेला माल डिलिव्हरी चलनावर जातो आणि ई-वे बिल त्या चलनाच्या आधारे काढले जाते. जॉबवर्कसाठी माल परराज्यात जाणार असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी बिल हवेच. याउलट, महाराष्ट्रात ५० किलोमीटरच्या आत जॉबवर्कसाठी जाणाऱ्या सूत, कापड आणि तयार कपड्यांना सूट आहे, आणि इचलकरंजी किंवा भिवंडीसारख्या ठिकाणी तिचा मोठा आधार आहे.

पोर्टलवर लॉगिन करताना आता ओटीपीही द्यावा लागतो, त्यामुळे नोंदवलेला मोबाइल बिल काढणाऱ्या माणसाच्या हाताशी असावा. बिलाचे दोन भाग असतात. पहिल्या, म्हणजे पार्ट ए मध्ये दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, बीजकाचा क्रमांक व तारीख, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा ठरलेला क्रमांक), किंमत आणि पिनकोड भरायचे असतात. बीजक किंवा चलन १८० दिवसांपेक्षा जुने असेल, तर २०२५ पासून त्यावर बिल निघत नाही. वाहतूक ट्रान्सपोर्टर करणार असल्यास त्याचा आयडी येथेच द्यावा, म्हणजे पुढचा भाग त्याला भरता येतो.

खरी काळजी पार्ट बी ची घ्यावी. त्यात गाडीचा क्रमांक जातो आणि तो भरल्यावरच बिलाची मुदत सुरू होते. बिलाचा क्रमांक हाती आला म्हणून गाडी सोडून देणे धोक्याचे आहे, कारण राज्यांतर्गत ट्रान्सपोर्टरच्या गोदामापर्यंतचा ५० किलोमीटरच्या आतील टप्पा वगळता पार्ट बी शिवाय ते बिल ग्राह्य धरले जात नाही. माझ्या मते, गाडी बाहेर सोडणाऱ्या माणसाने बिलावरचा गाडीचा क्रमांक कागदावर न वाचता थेट नंबरप्लेटशी ताडून पाहावा. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत भरला, तर निघण्यापूर्वी नवा क्रमांक पार्ट बी मध्ये नोंदवावा.

साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मिळतो. सोमवारी दुपारी पार्ट बी भरला आणि अंतर ४५० किलोमीटर असेल, तर तीन दिवस मिळतात. पहिला दिवस मंगळवारी मध्यरात्री संपतो, म्हणून बिल गुरुवारी मध्यरात्रीपर्यंत चालते. घाटात गाडी अडकली किंवा अपघात झाला, तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते. हा अवधी चालकाला ठाऊक असला पाहिजे, कारण अडचण सर्वांत आधी त्यालाच कळते.

पार्ट ए मधील चूक दुरुस्त करता येत नाही. बिल २४ तासांत रद्द करून नवे काढावे लागते, आणि वाटेत अधिकाऱ्याने ते तपासले असेल तर तेही शक्य नसते. गाडीच्या क्रमांकातील एक-दोन अंक किंवा नावातील अक्षर चुकले, एवढ्यावरून माल अडकवू नये, असे २०१८ च्या परिपत्रकात सांगितले आहे. अशा चुकीसाठी केंद्राच्या व राज्याच्या जीएसटी कायद्याखाली प्रत्येकी ५०० रुपये दंड आकारला जातो. बिलच नसेल, तर मात्र जीएसटी कायद्याच्या कलम १२९ खाली माल आणि गाडी दोन्ही अडवली जातात, आणि मालक पुढे आला तरी करपात्र मालावर कराच्या दुप्पट दंड भरल्यावरच ती सुटतात. तपासणीसाठी गाडी अर्ध्या तासाहून अधिक वेळ रोखून धरली, तर ट्रान्सपोर्टरला त्याची नोंद पोर्टलवर करता येते.

माल घेणाऱ्यानेही आपल्या जीएसटी क्रमांकावर निघालेली बिले रोज पाहावीत. आपण न मागवलेल्या मालाचे बिल दिसल्यास ते ७२ तासांच्या आत, आणि माल त्याआधी पोहोचणार असेल तर तो पोहोचण्यापूर्वी, नाकारावे. अन्यथा ते स्वीकारले असे मानले जाते.