आधी लिंबाचा थेंब, मग बादली

आमच्या सोलापूरच्या घरात पुढच्या खोलीला मोझॅक, स्वयंपाकघराला शहाबादी आणि ओटा कडप्प्याचा. लग्न होऊन आले त्याच वर्षी दिवाळीच्या साफसफाईत मी शहाबादीवर व्हिनेगर ओतलं आणि अर्धा तास तसंच ठेवलं. पुसल्यावर लादी पांढरट आणि खरखरीत! सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्या जागी पाट मांडला फक्त.

शहाबादी, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. संगमरवरही त्यांच्याच जातीचा, आणि मोझॅकमध्ये त्याचेच तुकडे असतात. आंबट लागलं की चुना विरघळतो, पॉलिश जातं ते नुसत्या पुसण्याने परत येत नाही. आपली लादी कुठली हे माहीत नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बारीक बुडबुडे आले किंवा पुसल्यावर तिथली चमक गेली, तर लिंबू, चिंच, व्हिनेगर सगळं बंद.

मी रिठ्याचं पाणी वापरते. आठ-दहा रिठे बिया काढून रात्री लिटरभर पाण्यात भिजवायचे, सकाळी दहा मिनिटं उकळून गाळायचे. अर्ध्या बादलीला एक वाटी पुरे. डोळ्यात उडू देऊ नका, फार झोंबतं. रिठे नसतील तर भांड्यांचं लिक्विड, पण चमचाभरच. जास्त झालं की लादी चिकट होते आणि पोरं घसरतात. आधी केर नीट काढा, फडकं घट्ट पिळा, शेवटी साध्या पाण्याचा एक हात आणि वर पंखा.

लेकाच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड, म्हणजे भट्टीत भाजलेली कारखान्यातली लादी आहे, ती चुनखडीची नाही, म्हणून तिथे अर्ध्या बादलीत अर्धी वाटी व्हिनेगर चालतं. तेही रोज नको, सांध्यांतलं सिमेंट झिजतं. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून जी फसफस दाखवतात ती नुसती गंमत. दोघं एकमेकांना मारतात, हातात उरतं जवळजवळ खारट पाणी.

ब्लीचमध्ये मात्र काहीही मिसळायचं नाही. व्हिनेगर नाही, संडासाचं ॲसिड तर मुळीच नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो. मोरीत एकदा माझ्याकडून हे झालंय. दार उघडून अंगणात पळाले, तरी संध्याकाळपर्यंत खोकत होते.

तेल सांडलं तर पाणी नको, शहाबादी तेल पिते. लगेच तांदळाचं पीठ पसरा, अर्ध्या तासाने झाडून घ्या, मग रिठ्याचं पाणी. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. घाबरू नका, ती हळदच आहे, साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसलं की पुन्हा पिवळी दिसते. उरलेला पिवळेपणा उन्हाने जातो, आमच्याकडे खिडकीजवळचे डाग चार दिवसांत गेले. गॅसखालचे अजून आहेत.